मामांच्या कार्डावर माझे कान

माझे कान चांगले आहेत. पंचेचाळिशी जवळ आली तरी पिंपळे गुरवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर कुणाच्या कुकरची कितवी शिट्टी झाली ते मी वरून सांगतो. बायको त्यावरून चिडवते. पूर्वी मलाही त्याची मजा वाटायची. आता कुणी कानांचं कौतुक केलं की मी विषय बदलतो, कारण हेच कान मी तीन वर्षं दुसऱ्या माणसाच्या नावावर चालवले आणि त्यात त्या माणसाचं वाटोळं झालं.

तो माणूस म्हणजे मामा. नात्यातले नव्हेत. आमच्या चाकणच्या कंपनीत वयानं मोठ्या माणसाला मामा म्हणायची पद्धत आहे. तसे मामा शॉपमध्ये, म्हणजे आमच्या खात्यात, दहा-बारा होते, पण नुसतं मामा म्हटलं की रेडियल ड्रिल मशीनवरचेच. त्यांचं नाव इथे घालत नाही. कंपनीचं नाही, माझंही नाही. नाव न घातल्यानं मामांची अब्रू राहते हे खरं, पण त्यात सोय माझीच जास्त आहे, हेही लिहून ठेवतो.

आमच्याकडे रिफायनरीत आणि साखर कारखान्यांत जाणारी मोठमोठी नळकांडी बनतात. एकेका नळकांड्याच्या पोटात शेकडो बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांना जागेवर धरायला ठरावीक अंतरावर जाड गोल प्लेटा. नळी पहिल्या प्लेटीत शिरली की शेवटच्या प्लेटीतून सरळ बाहेर आली पाहिजे. म्हणून प्रत्येक प्लेटीला वेगवेगळी भोकं पाडून भागत नाही. सहा-सात प्लेटा एकावर एक रचायच्या, कडेनं वेल्डिंगचे टाके मारून त्यांची एकच थप्पी करायची, फक्त सगळ्यात वरच्या प्लेटीवर आखणी करायची आणि वरून घातलेलं ड्रिल थेट खालच्या प्लेटीतून काढायचं. शॉपच्या भाषेत याला होल मारणं म्हणतात. एका थप्पीत सात-सातशे होल.

सांगायला सोपं आहे. पण प्लेटा कितीही आवळल्या तरी दोन प्लेटांच्या मध्ये केसाएवढी फट राहतेच. वरची प्लेट संपते त्या क्षणाला ड्रिलला कापायला काही उरत नाही, ते एकदम खाली झेपावतं आणि पुढच्या प्लेटीत अडकतं. नेमका तिथे हात सैल करावा लागतो. नाही केला तर ड्रिलचा कोपरा उडतो किंवा होल फाटतं. आणि फाटलेलं होल असतं तिसऱ्या नाही तर चौथ्या प्लेटीत, वरून काही दिसत नाही. टाके तोडून प्लेटा सुट्या केल्या की मग कळतं, आणि तेव्हा ओरडून काही उपयोग नसतो. सहा प्लेटांच्या थप्पीत प्रत्येक होलाला असे पाच धोके.

मामांच्या होलात ते पाच धोके कधी नडले नाहीत. ते आवाजावर जायचे. प्लेट संपत आली की ड्रिलची किंचाळी किंचित बसते, एवढंच. शॉपच्या गोंगाटात तो फरक ओळखायला मला चार महिने लागले आणि तरीही दहातले तीन चुकायचे. मामा एका हातानं ड्रिल थंड ठेवणाऱ्या कूलंटचा पाइप धरून, दुसऱ्या हातानं हँडल ओढत, भलतीकडे बघत होल मारायचे. कंपनीनं सगळ्यांना कानात घालायला नारिंगी बोळे दिले होते. मी ते घालायचो आणि ड्रिलं मोडायचो. मामा घालायचे नाहीत आणि त्यांचं ड्रिल मोडायचं नाही. बोळे दोरीनं गळ्यात लटकत असायचे, सेफ्टीचा साहेब दिसला की तेवढ्यापुरते कानात जायचे. साहेब ओरडायचा. पण महिन्याच्या शेवटी थप्प्या कुणाच्या जास्त निघाल्या हे बघायला जो साहेब यायचा, त्यानं बोळ्यांबद्दल कधी विचारलं नाही.

बावीस वर्षं मामांनी अशी होलं मारली. ते कंपनीच्या मागच्याच गावचे. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, त्यातली ही. मी बीडकडचा, आयटीआय करून आलेला, त्यांच्या शेजारच्या रेडियलवर. पहिली दोन वर्षं त्यांनी माझ्याशी फार बोलणं ठेवलं नाही. नंतर एकदा मी लागोपाठ तीन ड्रिलं मोडली, तेव्हा येऊन माझ्या हातावर आपला हात ठेवून त्यांनी एक अख्खी रांग माझ्याकडून मारून घेतली. तेव्हापासून डबा एकत्र.

त्यांना ऐकू येत नाही हे शेजारी उभं राहूनही मला पाचेक वर्षं कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. याचं कारण आमची बोलायची पद्धत. शॉपमध्ये आवाज काढून उपयोगच नसतो. ओठ मोठेमोठे करून, आवाज न काढता बोलायचं, जोडीला हातवारे. नवीन माणसाला वाटतं आम्ही एकमेकांना वेडावतोय. वर्षभरात तोही तसाच बोलायला लागतो आणि मग घरीही तसंच बोलतो म्हणून बायकोच्या शिव्या खातो. अशा ठिकाणी बहिरा माणूस कुठे उठून दिसणार? तिथे सगळेच बहिरे.

मग लॉकडाऊन आला आणि गेला. कंपनी पुन्हा सुरू झाली ती मास्क लावून. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये एक खुर्ची सोडून बसलो होतो. मी मामांना विचारलं, गावात सगळं ठीक ना. ते माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. कँटीनमध्ये आवाज काहीच नव्हता, मोजून पंधरा माणसं होती. मामा उठले, हात लांबवून त्यांनी माझा मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाले, "आता बोल."

मी हसलो. मग माझं हसू थांबलं, कारण ते हसत नव्हते.

नंतर त्यांनी सगळं सांगितलं. उजवा कान पाचेक वर्षांपूर्वीच गेला होता. डावा जाण्याच्या बेतात. मी म्हणालो, मग होल कसे मारता? त्यांनी तळवा दाखवला. आवाज बसतो तेव्हा हँडलही बसतं, म्हणाले, इतका वेळ धरून राहिलं की हातालाच कळतं. हे ऐकून मला त्यांचा अभिमान वाटला. वास्तविक भीती वाटायला हवी होती. त्यांनी लगेच दवाखाना गाठावा असं मला सुचायला हवं होतं. ते मला सुचलं नाही, त्यांनाही नाही. आम्हा दोघांनाही एकच सुचलं, की पुढच्या महिन्यात कानांची टेस्ट आहे.

ही टेस्ट दरवर्षी व्हायची. कंपनीच्या आवारात एक गाडी येऊन थांबायची. आत काचेची छोटी केबिन, डोक्याला हेडफोन, हातात बटन. बारीक शिट्टी ऐकू आली की बटन दाबायचं. टेस्ट कशासाठी आहे हे सेफ्टीच्या साहेबानं प्रोजेक्टर लावून सांगितलं होतं. कान बिघडायला लागले तर वेळेत कळावं, माणसाला आवाजातून बाजूला काढता यावं, पुढे इलाजाला आणि हक्काला कागद असावा. सगळं पडद्यावर मराठीत लिहिलेलं होतं. पण आम्ही लहानपणापासून टेस्ट म्हटलं की एकच गोष्ट शिकलेलो, की पास व्हायचं. त्यातून आदल्या वर्षी ग्राइंडिंगवरचे दोघं नापास झाले होते. एकाला भंगाराच्या यार्डात पाठवलं, दुसऱ्याला गेटवर वही लिहायला बसवलं. दोघंही जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये येऊन आपापल्या जुन्या मशीनपाशी उभे राहायचे. मामा त्यांच्याकडे बघायचे आणि मग जेवण अर्धंच टाकायचे.

कल्पना माझी होती. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे शॉपमध्ये एक-दोघांना काहीतरी कुणकुण लागली तेव्हा मामांनीच मला गळ घातली असेल असा त्यांचा समज झाला, आणि मी तो खोडला नाही. मामांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. मीच म्हणालो, तुमचं गळ्यातलं कार्ड घालून मी बसतो, माझं कार्ड घालून पुन्हा मी बसतो. सगळ्यांना निळा ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला मास्क. गाडीतली पोरगी बाहेरून आलेली, ती कुणाला ओळखणार? मामा नको म्हणाले. असलं काम आपल्याच्यानं व्हायचं न्हाई, म्हणाले. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पाणी पिऊन आलो तर माझ्या मशीनच्या हँडलला त्यांचं कार्ड अडकवलेलं होतं. ते स्वतः पाठमोरे उभे राहून होल मारत होते.

कार्डावरचा फोटो कूलंट उडून उडून इतका पांढरा पडला होता की तो मामांचा आहे हे मामांनाही सांगता आलं नसतं. पोरीनं नंबर पुकारला, मी आत गेलो, बसलो. शिट्ट्या इतक्या बारीक होत्या की मला गंमत वाटली, आणि मी प्रत्येक शिट्टीला बटन दाबलं. खरं तर चारदोन सोडून द्यायला हव्या होत्या. मामा तेव्हा पंचावन्नचे होते. पंचावन्नच्या माणसाला शोभतील असे कान मी त्यांना द्यायला हवे होते. पण परीक्षेत येत असलेलं उत्तर सोडायचं कसं? पोरगी कागदावर बघून म्हणाली की काका, तुम्हाला देवाचं देणं आहे, या वयात असे कान मी बघितले नाहीत. मी मास्कच्या आत हसलो. बाहेर येऊन मामांना ओठांनी सांगितलं, डिस्टिंक्शन. ते कसंनुसं हसले आणि त्यांनी कार्ड घाईनं गळ्यात घातलं.

पुढच्या वर्षी मास्क नावालाच होते आणि त्याच्या पुढच्या वर्षी तेही नव्हते, पण तोवर मी सराईत झालो होतो. रांगेत आधी मामांच्या नंबरवर जायचं, जेवणानंतर आपल्या नंबरवर. तिन्ही वर्षं मजेत गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण एका माणसाला तारतोय असं मला वाटायचं. त्याच तीन वर्षांत मामांचा डावा कानही गेला.

रिपोर्टची एक प्रत घरी जायची, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मामांच्या गावच्या जत्रेला त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. पाहुणे बरेच होते. मी आणि मामा भिंतीला टेकून शेजारी बसलो होतो आणि मामी वाढत होत्या. रस्सा वाढताना मामींनी मामांना काहीतरी विचारलं. मामा ताटात बघून जेवत राहिले. मामी माझ्याकडे वळल्या आणि अगदी सहज, रोजचं गाऱ्हाणं सांगावं तशा म्हणाल्या, "कंपनीच्या कागदात लिव्हलंय, कान एकदम चांगलं हायत म्हनून. मंग माजंच बोलनं तेवढं ऐकू येत न्हाई व्हय?"

माझ्या तोंडात घास होता. मामांनी वर बघितलं, मामी माझ्याशी बोलतायत हे त्यांना दिसलं, त्यांना वाटलं माझ्या जेवणाची चौकशी चाललीय, आणि ते हसून मामींना म्हणाले की अजून वाढ त्याला. मामींनी वाढलं. त्या काही रागावलेल्या नव्हत्या. रागावून झालेलं होतं त्यांचं, बरंच आधी. नंतर कुणाकडून तरी कळलं की वर्ष-दीड वर्ष त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होत्या, कारण ज्या माणसाचे कान धडधाकट आहेत तो आपल्याला मुद्दाम उत्तर देत नाही अशी त्यांची खात्री झाली होती. तशी खात्री कंपनीच्या शिक्क्यानिशी त्यांच्या कपाटात होती.

तेव्हा तरी मामांनी घरी खरं सांगायला हवं होतं. मी त्यांना तसं सुचवलं. ते म्हणाले, आता कुठल्या तोंडानं सांगू? खोट्या कागदावर नोकरी केली म्हणून सांगू? रिटायरमेंटला वर्ष राहिलंय, जाऊ दे. मला हायसं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण हायसंच वाटलं.

ते रिटायर झाले त्याच सुमाराला कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारं मोठं सीएनसी मशीन आलं. ते काचेच्या बंद केबिनमध्ये होल मारतं, ऑपरेटर बाहेर खुर्चीवर बसून स्क्रीन बघतो. मामांचं रेडियल झाकून ठेवलं. मला मार्किंग खात्यात, आखणीच्या कामाला घेतलं. मामांचा निरोप समारंभ कँटीनमध्ये झाला, साहेब चांगलं बोलले, मामांनी एकही शब्द न ऐकता बरोबर वेळेला हात जोडले.

वर्षभरानं त्यांच्या पुतण्यानं कुठून तरी माहिती काढली की आवाजाच्या कामानं कान गेले असतील तर कामगाराला दाखला मिळतो, त्यावर कानाचं मशीन मिळतं, शिवाय थोडंफार महिन्याला. मामांना पैशाचं विशेष नव्हतं. खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या, भागत होतं. त्यांना दाखला हवा होता. कामानं माझे कान गेले असं सरकारी कागदावर लिहून मिळालं, की तो कागद ते मामींपुढे ठेवणार होते. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. म्हणाले की तो पहिला कागद तिनं जपून ठेवलाय, त्याच्या वर हा ठेवला की झालं.

कामगारांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं होतं. मामा म्हणाले, तूच चल. घरच्यांचं बोलणं त्यांना ओठांवरून नीट कळत नसे, माझं कळायचं. शेजारी उभं राहून पंधरा वर्षं तसंच बोललो होतो. मी रजा टाकली.

टेबलापलीकडे तीन डॉक्टर होते. मधल्या बाई मुख्य. मी त्यांना आधीच सांगितलं की ह्यांना आवाजानं काही कळत नाही, मी ओठांनी विचारतो, ते उत्तर देतील. त्या बरं म्हणाल्या. मग तसं सुरू झालं. काम काय, किती वर्षं, रोज किती तास, घरात आधी कुणाचे कान गेले होते का. बाई मला विचारायच्या, मी मामांकडे वळून आवाज न काढता ओठ हलवायचो, आणि मामा, बहिरी माणसं बोलतात तसे, खणखणीत आवाजात उत्तर द्यायचे. थप्पीचं काम त्यांनी इतकं छान समजावून सांगितलं की डावीकडचे डॉक्टर पेन ठेवून ऐकत बसले. प्लेट संपते तवा आवाज बसतो, तेवढा ऐकायचा म्हनून कान उघडं ठेवायचं, असं सांगितलं. मला वाटलं, मिळाला दाखला.

मग बाईंनी फाइलमधून तीन कागद काढून ओळीनं मांडले. मी लांबूनच ओळखले.

त्या म्हणाल्या, "हे कंपनीतल्या टेस्टचे तीन रिपोर्ट आहेत. यात यांचं ऐकणं तिशीतल्या माणसासारखं आहे. शेवटचा तर रिटायर होण्याआधी वर्षभराचा. असं होत नाही. यांना विचारा, हे रिपोर्ट यांचे स्वतःचेच आहेत का?"

आवाज चढवलेला नव्हता. उलट त्यांना संशय आलेला होता तो मामांच्या बाजूनं, हे मला तेव्हाही कळलं. काहीतरी गफलत आहे, रिपोर्ट बदलले गेलेत, हे त्यांना म्हणायचं होतं. त्या मामांना दार उघडून देत होत्या. मामा नाही म्हणाले असते, तर कदाचित तिथेच काम झालं असतं. फक्त पुढचा प्रश्न आला असता की मग कुणाचे.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. बाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या डोक्यात त्या वेळी काय काय आलं ते मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. नोकरी आली, पोरीचं कॉलेज आलं, चौकशी, साहेबांचे चेहरे. मामाही आले असतील, असं म्हणावंसं वाटतं. पण नाही आले.

मी मामांकडे वळलो आणि ओठांनी विचारलं, कंपनीत टेस्टची गाडी दरवर्षी यायची ना?

"व्हय," मामा म्हणाले. आणि नीट कळावं म्हणून मान डोलावून बाईंकडे बघत पुन्हा म्हणाले, "व्हय, व्हय."

बाईंनी क्षणभर वाट बघितली. त्यांना आणखी काहीतरी ऐकायचं होतं. मग त्यांनी लिहून घेतलं.

परतताना मामा खुशीत होते. डॉक्टर लोक सज्जन आहेत, म्हणाले, बाईंनी सगळं विचारून घेतलं. नाशिक फाट्याला उतरून त्यांनी मला बळेच वडापाव आणि चहा घ्यायला लावला. मी पैसे काढले तर माझा हात धरला. आज तू नसतास तर मला एक अक्षर कळलं नसतं, असं ते दोनदा म्हणाले.

दीड-दोन महिन्यांनी पुतण्याचा फोन आला की काकांनी बोलावलंय. रविवारी गेलो. मामा ओट्यावर बसले होते. आत मामींची भांडी वाजत होती. मामांनी चष्मा लावला, शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढे धरला. अर्ज नामंजूर झाला होता. नोकरीच्या काळात श्रवणशक्ती उत्तम असल्याचे दिसते, सबब बहिरेपणाचा कामाशी संबंध सिद्ध होत नाही, असं होतं. बोट होतं त्याच्या वरच्या ओळीवर. सदर अहवाल स्वतःचेच असल्याचे अर्जदाराने बोर्डासमोर मान्य केले आहे.

मी कागद बराच वेळ वाचत राहिलो. ओळ एकच होती.

मामांनी विचारलं, "हे इचारलं व्हतं त्यांनी?"

मी मान डोलावली.

"आन् तू मला दुसरंच कायतरी इचारलंस."

मी पुन्हा मान डोलावली. ते चिडतील असं मला वाटलं होतं. सबंध रस्ताभर मी त्याचीच तयारी करत आलो होतो. शिव्या दिल्या असत्या, एक ठेवून दिली असती, तर मला सोसलं असतं. मामांनी कागदाची आधीच्याच घड्यांवर घडी घातली आणि खिशात ठेवली. मग शॉपमध्ये बोलायचे तसं, आवाज अगदी खाली आणून, जवळजवळ नुसत्या ओठांनी म्हणाले, "इचारलं असतंस तरी मी व्हयच म्हनलो असतो. तुज्यावर येऊ दिलं नसतं. पर ते मी म्हनलो असतो."

तेवढं बोलून त्यांनी माझ्यावरून नजर काढली आणि समोर रस्त्याकडे बघत बसले. रस्त्यानं कंपनीच्या बसगाड्या चालल्या होत्या. मी बोलायला लागलो. म्हणालो की मामा, अपिलाला अजून महिना आहे, मी उद्याच जातो, बाईंना भेटतो, जे झालं ते सगळं सांगतो, नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. बरंच काही म्हणालो. मामींनी आतून चहा आणून ठेवला आणि त्या तशाच परत गेल्या. मामांशी बोलायचं तर त्यांनी आपल्याकडे बघावं लागतं. त्यांनी बघितलं नाही, त्यामुळे मी बाईंकडे जातो म्हणालो ते त्यांना कळलं नाही. आणि मी गेलो नाही.